खाली कोण?

कुठल्याही छताखाली शिरण्याआधी नाना दारातच थांबून वर बघायचे. लग्नाचा हॉल असो, दवाखाना असो, की कुणाचं घर. माझ्या आईने त्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा ती "या ना, आत या ना" करत राहिली आणि हे एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून आमच्या डोंबिवलीच्या ब्लॉकचा स्लॅब निरखत उभे. शेवटी आत आले, पंख्याखालची खुर्ची सोडून भिंतीकडेची घेतली आणि म्हणाले, "स्लॅब बरा हाय. पन मुका हाय." आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तू वाढ.

मुका म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. दिवसातून दोनदा ऐकत होते. नानांच्या मते काँक्रीट मुकाट्याने सोसतं आणि एक दिवस न सांगता जातं. लोखंड थोडंफार कुरकुरतं. खरं बोलतं ते फक्त हवा भरलेलं कापड. त्याला पेलवेनासं झालं की आधी सुरकुती पडते. मग ती वाढते. मग कमान वाकते, आणि वाकतानाही हळूहळू वाकते, खालच्या माणसाला उठून बाहेर पडायला वेळ देते. "एवढं सांगून कोन पडतं?" ते विचारायचे. या प्रश्नापर्यंत येईतो माझा चहा थंड झालेला असायचा.

मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. आम्ही हवेचे तंबू बनवतो. जाड, लेप दिलेल्या कापडाच्या नळ्या कमानीसारख्या घडवायच्या, त्यांत ब्लोअरने हवा भरायची, अशा पाच-सहा कमानी एकामागे एक उभ्या करून वर कापड ताणायचं. पंधरा-वीस मिनिटांत चाळीस माणसांची खोली तयार. ना खांब, ना लोखंड. पूर आला, आरोग्य शिबिर भरलं, कुठे तात्पुरता वॉर्ड हवा असला, की आमचा माल जातो.

माल जाण्याआधी त्याची चाचणी व्हायची. कमानीवरून पट्टे टाकायचे, पट्ट्यांना कप्पे, आणि कप्प्यांत शिडीवरून वाळूच्या दहा-दहा किलोंच्या पिशव्या ठेवत जायच्या. कमान किती खाली आली, कुठे सुरकुती पडली, ते लिहायचं आणि खाली सही करायची. हे काम नानांचं. त्यात जगावेगळं एवढंच, की पिशव्या चढत असताना नाना त्याच कमानीखाली खुर्ची टाकून बसायचे. लाल प्लास्टिकची, बिनहाताची खुर्ची. मांडीवर शाळकरी वही, शेजारी थर्मास. वर वाळू चढतेय आणि खाली हा माणूस चष्मा कपाळावर सारून सुरकुत्यांची चित्रं काढतोय.

मी नवी होते, ताजी डिग्री होती, म्हणून विचारलं, "नाना, बाहेर बसूनही दिसतं की सगळं. खाली कशाला?"

"खाली मानूस असला का वरचा जपून टाकतो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आनि सही करनारा बी जपून करतो."

चाचणीचं रजिस्टर छापील होतं. तारीख, माल, दाब, वजन, निकाल, सही. त्याच्या पुढे नानांनी पट्टी आणि पेनाने आणखी एक रकाना आखला होता, प्रत्येक पानावर, वर्षानुवर्षं. त्यावर लिहिलेलं असायचं, "खाली कोण?" आणि खाली ओळीने त्यांचंच नाव. शेठ हसायचे. म्हणायचे, हे रजिस्टर कुणी बाहेरच्याने बघितलं तर आपली सगळ्यांची रवानगी ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात होईल.

एकदा कमान खरंच त्यांच्या अंगावर आली. नव्या कापडाची होती, सांधा सुटला. फुस्स आवाज करत ती बसली आणि नाना तिच्याखाली गडप. आम्ही धावलो, ओढाओढ सुरू केली, तोवर ते दुसऱ्याच टोकाने रांगत बाहेर आले. एका हातात वही, दुसऱ्या हातात थर्मासचं झाकण, झाकणात चहा. न सांडलेला. ब्लोअरवाल्याकडे बघून म्हणाले, "परत भर. सांधा डावीकडचा हाय, आवाज तिकडून आला."

नाना इंजिनिअर नव्हते. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. लहानपणी जाळी विणली, मग कल्याणच्या बाजारात ताडपत्रीवाल्याकडे ट्रकची कव्हरं शिवली, तिथून शेठनी त्यांना उचलून आणलं. मी लॅपटॉपवर कमानीचं मॉडेल करायचे. त्यावर वजन टाकलं की जास्त ताणाची जागा लाल व्हायची, कमी ताणाची निळी. त्यांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा त्यांनी फार आदराने बघितलं. मग बोट लावून विचारलं, "ही लाल जागा आपल्याला कधी दिसते? पडायच्या आधी का नंतर?"

"आधीच ना नाना. म्हणून तर करायचं."

"मंग बरं हाय," म्हणाले. पण पुढच्या वेळी कमानीला हात लावायला मला बोलावलं. "डोले मिट. हात फिरव. कुठं सैल लागतं?" मला सगळीकडे सारखंच लागलं. ते म्हणाले, "होईल." त्यानंतर जवळजवळ रोज सकाळी मी डोळे मिटून एका नळीवरून हात फिरवत उभी असायचे आणि कापडाचे सांधे वेल्ड करणारी मुलं तोंडावर हात ठेवून हसायची. तीन महिन्यांनी मला खरंच लागायला लागलं. त्याचा आनंद झाला होता, हे कबूल करते.

चाचणी ते सकाळी लवकर घ्यायचे. दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते, नळी टणक होते आणि नसलेली ताकद दाखवते. "दुपारी सगलेच शूर," म्हणायचे. आणि वजन कायम एका बाजूला. मी म्हटलं, नियमात दोन्ही बाजूंचंही चालतं. तेव्हा त्यांनी पाण्याचे दोन कॅन आणवले, दोन्ही भरलेले. एकेक माझ्या दोन हातांत दिला आणि म्हणाले, चाल. चालले. मग एक काढून घेतला. म्हणाले, आता चाल. मी तिरकी होत चालले. कमानीचं तसंच. दोन्हीकडून सारखं वजन आलं तर तिची दोन्ही अंगं एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. एकाच अंगाला आलं, की दुसरं अंग वर उचलतं आणि कमान झुकते. "आनि पानी कवाच दोन्हीकडं सारखं पडत नाय. वारा तर नायच नाय."

यात नुसती गंमत होती असं वाटायला नको. माणूस त्रासदायकही होता. माल तयार, टेम्पो दारात, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि नाना म्हणणार, आज नको, उद्या सकाळी परत बघू. एकदा आम्ही रिक्षाने ठाण्याला एका मीटिंगला निघालो होतो. माजिवड्याच्या नाक्याजवळ कसल्याशा धावण्याच्या शर्यतीची हवेची कमान उभी होती, दुसऱ्या कुणाची तरी. नानांनी रिक्षा थांबवली, उतरले, कमानीच्या पायाला थापट्या मारल्या आणि तिथल्या टी-शर्टवाल्या पोराला बोलायला लागले, "पाय फाकतोय बग. दोरी कुठं बांदलीस?" पोरगा म्हणाला, "काका, आपण कोण?" नाना म्हणाले, "कोनी नाय," आणि स्वतःच दोरी सोडून रेलिंगला बांधायला बसले. गाठ मारून, ओढून, पुन्हा ओढून बघितली. मीटिंगला आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. बोलणी मी खाल्ली.

आता खरी गोष्ट सांगते. मला नोकरीवर घेतानाच शेठनी सांगितलं होतं, "वर्षभरात नानांचं सगळं काम शिकून घे. मग त्यांना आपण आराम देऊ. डिग्रीवाल्याची सही असली की गिऱ्हाइकालाही बरं वाटतं." मी हो म्हटलं होतं. वाईटबिईट काही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं. रोज सकाळी ज्याच्याकडून हात फिरवायला शिकत होते, त्याच्याच जागेवर मी बसणार होते.

कल्याणला एका शाळेच्या मैदानावर डोळे तपासणीचं शिबिर होतं. म्हाताऱ्या माणसांना बसायला मोठा मंडप हवा, तो आमचा. नाना म्हणाले, चौथी कमान मला बरी वाटत नाही, उद्या सकाळी एका बाजूने वजन घालून बघतो. शेठना उद्या नको होतं. त्यांनी नानांना कसल्याशा तक्रारीसाठी भिवंडीला पाठवून दिलं आणि मला बोलावलं. "तू घे चाचणी. आत्ताच. मी व्हिडिओ काढतो, शिबिरवाल्यांना पाठवायचाय."

दुपारचे दोन वाजले होते. ऊन कडक. मी पिशव्या डावीकडे लावायला सांगितल्या, तर मोबाइल धरून उभे असलेले शेठ म्हणाले, "अगं दोन्हीकडे सारख्या लाव ना. फोटोत किती विचित्र दिसतंय ते."

मला माहीत होतं. दोन कॅन माझ्याच हातात दिले होते. दुपारचं ऊनही माहीत होतं. तरी मी म्हटलं, बरं. पिशव्या दोन्हीकडे गेल्या, ओळीत, एकसारख्या. कमान बोटभरही हलली नाही. व्हिडिओ सुंदर आला. मी रजिस्टरमध्ये सगळं भरलं, निकालात "पास" लिहिलं, सही केली. शेवटचा रकाना कोरा सोडला. लाल खुर्ची कोपऱ्यात भिंतीला टेकून होती आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना आले, त्यांनी रजिस्टर उघडलं, माझी ओळ वाचली. मी समोरच होते. वाटलं, आता बोलतील. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि विचारलं, "माल गेला?"

"गेला. शिबिर उद्यापासून आहे."

"किती दिवस?"

"तीन."

दुसऱ्या दिवशी नाना कामावर आले नाहीत. रजेचा अर्ज ठेवून गेले होते, तीन दिवसांचा. खुर्चीही नव्हती.

पुढचं मी शिबिरात काम करणाऱ्या एका बाईंकडून ऐकलं. पहिल्या दिवशी सकाळी एक काका लाल खुर्ची घेऊन रिक्षातून उतरले. आयोजकांना सांगितलं, मी कंपनीचा माणूस. चौथ्या कमानीखाली खुर्ची टाकली आणि बसले. लोकांना वाटलं, पेशंट आहेत. दोनदा त्यांच्या हातात नंबराचा कागद देण्यात आला. तो त्यांनी पुढच्याला दिला. दिवसभर वर बघत बसलेला माणूस डोळ्यांच्या शिबिरात विचित्र वाटत नाही, असं त्या बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचा पाऊस आला. वारा एका अंगाने. दोन कमानींमधलं छताचं कापड त्या अंगाला खाली गेलं, त्यात पाणी साठलं, त्या वजनाने कापड आणखी खाली, मग आणखी पाणी. नानांनी आधी लांब झाडूने खालून पाणी ढकलून दिलं. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी झाडू ठेवला आणि कमानीला हात लावून उभे राहिले. मग मोठ्याने ओरडले नाहीत. पहिल्या रांगेतल्या आजींना हात देऊन उठवलं, "चला आजी, शालेच्या व्हरांड्यात बसू, हितं गलतंय." मग दुसऱ्या. मग स्वयंसेवकांना खूण केली. साठ-सत्तर म्हातारी माणसं, बऱ्याच जणांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, धड दिसत नव्हतं. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून सगळी व्हरांड्यात गेली. कुणी धावलं नाही, म्हणून कुणी पडलं नाही. शेवटची व्यक्ती बाहेर गेल्यावर काही मिनिटांनी चौथी कमान झुकली आणि तिच्याबरोबर अर्धा मंडप रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसला.

पाणी काढून, हवा भरून नानांनी तो संध्याकाळपर्यंत परत उभा केला. तिसऱ्या दिवशी शिबिर व्हरांड्यातच झालं.

आयोजकांची तक्रार आली. शेठनी रजिस्टर मागवलं. मी ते घेऊन केबिनमध्ये गेले तेव्हा मला वाटत होतं, आता माझं काही खरं नाही. शेठनी पान उघडलं. माझी सही होती. आणि शेवटच्या रकान्यात, मी कोरा सोडलेल्या जागी, नानांच्या अक्षरात त्यांचं नाव होतं.

शेठनी नानांना बोलावलं. "तुम्ही खाली होतात?"

"होतो," नाना म्हणाले.

"खाली बसून तुम्हाला दिसलं नाही?"

नानांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

चाचणीच्या दिवशी नाना भिवंडीला होते, हे शेठना माहीत होतं. त्यांनीच पाठवलं होतं. मलाही माहीत होतं. पण कागदावर अनुभवी माणसाचं नाव होतं, आणि ते आम्हा दोघांनाही सोयीचं होतं. शेठ म्हणाले, "नाना, वय झालं आता. आराम करा." मी टेबलाशेजारी उभी होते. हातात प्रेशर गेज होतं. मी ते खिशात ठेवलं, परत काढलं. तोंडातून शब्द काढला नाही. भीती होती, हे खरं. पण निव्वळ भीती नव्हती. ती जागा मला हवी होती.

नानांनी जाताना थर्मास घेतला. खुर्ची ठेवून गेले.

नवं रजिस्टर मी छापून घेतलं, त्यात तो रकाना नव्हता. चाचण्या सकाळीच घेतल्या, एका बाजूने घेतल्या, काम चोख केलं. चार वर्षं. माल कुठे पडला नाही. पण दरवेळी सही करताना पान उजवीकडे संपायचं, तिथे माझी नजर अडखळायची. यंदा आम्ही आजवरचा सगळ्यांत मोठा मंडप केला. त्याच्या चाचणीच्या आदल्या दिवशी मी ठाण्याला त्यांच्या कोळीवाड्यात गेले.

नाना ओट्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "काय गो, बारीक झालीस." त्यांच्या सुनेने चहा दिला. मी चहा न पिता सगळं सांगून टाकलं, शेठनी नोकरी देताना काय म्हटलं होतं तिथपासून. ते ऐकत होते. म्हणाले, "पयल्या दिवसापासून ठावं होतं. कारखान्यात कोनाला ठावं नव्हतं?"

"मग शिकवलंत कशाला?"

"तू सही करनार होतीस ना," ते म्हणाले, जणू मी फारच सोपं काहीतरी विचारलं होतं.

"आणि रजिस्टरमध्ये खोटं नाव का लिहिलंत?"

तेव्हा मात्र त्यांना राग आला. "खोटं काय? बसलो नव्हतो मी? दोन दिवस बसलो. वर तुजी सही होती, खाली कोनी नको?"

मला रडू आलं. ते जरा गडबडले, सुनेला हाक मारली, मग म्हणाले, "चा पी. थंड होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याबरोबर कारखान्यात आले. दारात थांबून वर बघितलं, मग आत आले. शेठ होते, सगळी मुलं होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "कल्याणच्या मंडपाची चाचणी मी चुकीची घेतली होती. नाना त्या दिवशी इथे नव्हते." शेठ म्हणाले, "अगं, आता काय त्याचं?" मी म्हटलं, "काही नाही. सांगायचं राहिलं होतं." मग रजिस्टरच्या पानावर पट्टी ठेवून मी एक रकाना आखला.

लाल खुर्ची मी भिंतीकडून उचलून आणली. नानांना वाटलं असेल, त्यांच्यासाठी. ती मी कमानीखाली, नळीला हात पोचेल अशी टाकली आणि बसले. वही मांडीवर घेतली. नानांनी चपला काढल्या. शिडीवरच्या मुलाला खाली उतरवलं आणि गुडघ्यांवर हात ठेवत ठेवत स्वतः चढले. इतक्या वर्षांत त्यांना वर चढलेलं कुणी बघितलं नव्हतं.

पहिली पिशवी डावीकडे आली. मग दुसरी, तीही डावीकडेच. मी वर बघत होते. दहा किलो वाळू टेकताना आवाज होतो, तो झाला नाही. नळीला नुसता एक दाब जाणवला आणि थांबला. चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या तशाच आल्या. झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालतात तशा.

वरून आवाज आला, "काय गो, कमान बोलली काय?"

मी डोळे मिटून नळीवरून हात फिरवला. कुठेही सैल लागलं नाही.

"नाही अजून," मी म्हटलं.

"मंग बस," नाना म्हणाले, आणि पुढची पिशवी उचलली.